बातमी कुणी सांगितली?

पंडित नेहरू गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि ती बातमी मला आमच्या हेडमास्तरांनी सांगितली, असं मी जन्मभर सांगत आलो. वाईतल्या शाळेचं पटांगण. सगळे वर्ग ओळीने उभे. हवेत गारठा, अंगावर कोवळं ऊन. हेडमास्तर पायरीवर येऊन उभे राहिले, चार वाक्यं बोलले आणि पाचव्या वाक्याला त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. मोठ्या माणसाला चारचौघांत रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. दोन मिनिटं आम्ही स्तब्ध उभे राहिलो आणि मग शाळा सुटली. पुढे कॉलेजात, नोकरीत, घरात राजकारणावर वाद झाले की माझ्या बोलण्याच्या तळाशी ती सकाळ असायची. ज्या माणसासाठी आमचे हेडमास्तर रडले, त्याच्याबद्दल कुणी हलकं बोललं की मला राग यायचा.

या पुस्तकासाठी इतरांच्या आठवणी जमवताना आम्ही एक नियम केला होता. सांगणाऱ्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट कॅलेंडरशी ताडून पाहायची. तो नियम मी स्वतःलाही लावला. नेहरू गेले २७ मे १९६४ रोजी, बुधवारी, दुपारी. मे महिन्याच्या अखेरीला महाराष्ट्रात कुठली शाळा भरते? आणि वाईला मेमध्ये गारठा कसला? ती सकाळ बहुधा ११ जानेवारी १९६६ची, मंगळवारची. ताश्कंदला मध्यरात्र उलटल्यावर लालबहादूर शास्त्रींचं निधन झालं आणि आपल्याकडे ते सकाळी रेडिओने सांगितलं. पटांगण खरं होतं, गारठा खरा होता, धोतराचा सोगा खरा होता. ज्याच्यासाठी हे सगळं झालं, तो माणूस मात्र मी बदलून टाकला होता.

हे कळल्यावर बरेच दिवस मला चैन पडेना. ज्यावर आपण आपलं मत उभं केलं, ती जमीनच दुसऱ्याच्या नावावर निघावी, तसं झालं. पण मग लक्षात आलं की पुस्तकाचा विषय तोच आहे. आज सत्तरीत, ऐंशीत, नव्वदीत असलेल्या माणसांनी लहानपणी जगाच्या बातम्या कशा ऐकल्या, कुणाच्या तोंडून ऐकल्या आणि त्या ऐकण्यातून त्यांची राजकीय मतं कशी घडली, याचा शोध इथे घेतला आहे. बातमी खरी की खोटी हा प्रश्न त्यात आहेच. पण बातमी कुणी सांगितली, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे, आणि म्हातारपणीची मतं समजून घ्यायला तोच जास्त उपयोगी पडतो, असं मला या कामाअखेर ठामपणे वाटतं.

असा शोध घेणारे आपण पहिले नाही. १८९९ साली कोलग्रोव्ह नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वयस्कर माणसांना एक साधा प्रश्न विचारला होता: लिंकन यांचा खून झाल्याचं ऐकलं तेव्हा तुम्ही कुठे होता? घटनेला तेव्हा तीसहून अधिक वर्षं झाली होती. १७९ जणांपैकी १२७ जणांनी जागा, वेळ, सांगणारा माणूस, सगळं तपशीलवार सांगितलं. पुढे १९७७ साली ब्राउन आणि कुलिक या दोघांनी केनेडींच्या हत्येच्या आठवणी घेऊन असा सिद्धांत मांडला की धक्कादायक बातमीच्या क्षणी मन जणू फोटो काढून ठेवतं. कल्पना मोहक होती आणि सगळ्यांना पटलीही, कारण असा एखादा फोटो प्रत्येकाकडे असतोच.

ही कल्पना उलगडून पाहिली मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी, आणि तेही स्वतःच्या आठवणीपासून. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ते तेरा वर्षांचे होत होते. दिवाणखान्यात आपण रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकत होतो, ती मध्येच थांबवून बातमी दिली गेली आणि आपण आईला सांगायला जिना चढून धावलो, हे त्यांना लख्ख आठवत होतं. कित्येक वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की डिसेंबरात अमेरिकेत बेसबॉल खेळतच नाहीत. मग इतर अभ्यासकांनी शोधून काढलं की त्या दिवशी फुटबॉलची मॅच रेडिओवर चालू होती आणि दोन्ही संघांची नावं बेसबॉलच्या प्रसिद्ध संघांचीच होती. नायसरांचा डिसेंबरातला बेसबॉल आणि माझा मे महिन्यातला गारठा यांत मला सख्खं नातं दिसतं. पुढे त्यांनी १९८६ साली चॅलेंजर यान कोसळल्यावर दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून त्यांची हकीकत लिहून घेतली आणि काही वर्षांनी पुन्हा विचारली. पुष्कळांची हकीकत पार बदलली होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी नव्या आठवणीवरचा विश्वास ढळत नव्हता.

मानसशास्त्रज्ञ इथे थांबतात: स्मृती चुकते, हे त्यांनी दाखवून दिलं. इटलीचे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी पुढचा प्रश्न विचारला: चुकते ती नेमकी कुठल्या दिशेने? तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात १९४९ साली नाटो करारात सामील होण्याविरुद्धच्या निदर्शनांत लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. पण गावातले अनेक कामगार पोर्तेल्लींना सांगत राहिले की तो १९५३च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मेला. एका दूरच्या करारासाठी आपला माणूस जावा, हे त्यांच्या मनाने मान्य केलं नव्हतं. भाकरीच्या लढ्यात त्याचं मरण त्यांना शोभत होतं, म्हणून स्मृतीने त्याला उचलून चार वर्षं पुढे नेऊन ठेवलं. तोंडी इतिहासाच्या अभ्यासात पोर्तेल्लींच्या यावरच्या निबंधाइतकं मला कशाने शिकवलं नाही. आठवणीतली चूक खोडायची नसते, तिच्या दिशेने चालत जायचं असतं, हे मी तिथून घेतलं.

याच्या मागे समाजशास्त्राचा जुना आधार आहे. मोरीस हाल्ब्वाक्स या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ सालीच लिहून ठेवलं होतं की माणूस एकट्याने आठवत नाही. घर, धर्म, वर्ग यांच्या चौकटीत आठवतो. हाल्ब्वाक्स स्वतः १९४५ साली बुखेनवाल्डच्या छळछावणीत मेले. कार्ल मानहाइम यांनी १९२०च्या दशकाच्या शेवटी ‘पिढी’ या कल्पनेवर निबंध लिहिला. एकाच वर्षी जन्मलेले सगळे एका पिढीचे होत नाहीत, कोवळ्या वयात एकाच उलथापालथीतून गेलेले होतात, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत शूमन आणि स्कॉट यांनी १९८९ साली दाखवलं की ‘जगातली सर्वांत महत्त्वाची घटना कोणती’ असं विचारल्यावर लोक बहुधा आपल्या किशोरवयातली किंवा विशीतली घटना सांगतात. थिओडोर न्यूकम यांनी १९३०च्या दशकात बेनिंग्टन कॉलेजातल्या सधन, परंपरावादी घरांतल्या मुली पुरोगामी विचारांकडे वळताना पाहिल्या आणि काही दशकांनी पुन्हा जाऊन पाहिलं तर त्या बहुतांशी तिथेच होत्या.

हे सगळं वाचावंच. तरीही लहान मुलांवरच्या अमेरिकी अभ्यासांत मला एक उणीव सतत जाणवते. मुलाची राजकीय घडण म्हणजे आईवडिलांचा पक्ष आणि अध्यक्षाची प्रतिमा, एवढ्या दोन खिडक्यांतून ते पाहतात. आपल्याकडे बातमी घरात शिरण्याआधी तिला गल्ली, जात, गाव आणि संस्थान ओलांडावं लागे. उंबऱ्याशी पोचेपर्यंत तिचं रूप पालटलेलं असे.

आपल्याकडे तोंडी आठवणींना मान उशिरा मिळाला. इतिहासकार वि. का. राजवाड्यांपासून मराठी इतिहासलेखनाने कागदाची पूजा केली. दप्तरं, बखरी, पत्रव्यवहार गोळा करण्यात आपल्या संशोधकांनी हाडं झिजवली आणि त्यांचं ऋण मोठं आहे. पण त्यामुळे ज्यांच्याकडे कागद नव्हता, ती माणसं इतिहासाबाहेर राहिली. ही कोंडी फोडणारी मराठीतली कामं मोजकी पण भक्कम आहेत. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा लाखावर संग्रह केला. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, म्हणजे पहाटेच्या दळणाबरोबर राजकारणही दळलं जात होतं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९चं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना त्यांनी घरोघर जाऊन बोलतं केलं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या कामगारांच्या तोंडून गिरणगावाची गोष्ट लिहून घेतली. फाळणीच्या बाबतीत हेच काम उर्वशी बुटालिया यांनी केलं. युद्धात बालपण गेलेल्यांच्या आठवणी बेलारूसमध्ये स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी जमवल्या आणि त्यांचं पुस्तक १९८५ साली आलं. आमचं पुस्तक या सगळ्यांच्या मागच्या ओळीत उभं आहे. फरक एवढाच की आमच्याशी बोललेली बहुतेक माणसं घटनेत नव्हती. ती घटनेपासून शेकडो, हजारो कोस लांब होती आणि लहान होती. त्यांच्यापर्यंत आली ती फक्त बातमी.

ती कशी येत होती, हे आजच्या वाचकासाठी सांगायला हवं.

व्हॉल्व्हचा रेडिओ लावला की गरम व्हायला वेळ घेई. मग हिरवा डोळा उघडे आणि खरखरीतून आवाज वर येई. त्याच्यासाठी पोस्टात लायसन्सचे पैसे भरावे लागत आणि छताला तांब्याच्या जाळीची एरियल ताणलेली असे. रेडिओ आळीत एखादाच, म्हणून बातम्यांच्या वेळी त्या घराच्या ओटीवर गर्दी. मुलांना ‘गप बसा’ असा दम मिळे, आणि मुलं बातमीपेक्षा ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहत बसत. या पुस्तकातल्या कितीतरी आठवणी या चेहऱ्यांच्या आहेत. वर्तमानपत्र गावात एसटीने संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी येई आणि ते मोठ्याने वाचलं जाई. वाचणारं बऱ्याचदा तिसरी-चौथीतलं पोर असे, कारण आजीला अक्षर येत नसे आणि आजोबांना दिसत नसे. ‘कोरिया’, ‘सुएझ’, ‘हंगेरी’ हे शब्द अर्थ न कळता त्या पोरांच्या तोंडून गेले आहेत. न्हाव्याचं दुकान, ग्रामपंचायतीचा भोंगा, गिरणीच्या दारातली सभा, सिनेमाआधी दाखवली जाणारी फिल्म्स डिव्हिजनची न्यूजरील, हे बाकीचे रस्ते.

गिरणगावात तर जगाची बातमी डफावर येई. अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला, तेव्हा व्होल्गाकाठची लढाई परळ-लालबागच्या चाळींत वीररसात गायली गेली. तो पवाडा लहानपणी ऐकलेल्या माणसाला रशिया हा नकाशावरचा देश कसा वाटेल? पुढे ‘सोव्हिएत देश’ मासिकाच्या गुळगुळीत पानांची कव्हरं पुस्तकांना घातली गेली आणि मॉस्कोत छापलेली मराठी बालपुस्तकं दोन-तीन रुपयांत घरी आली. त्यावर १९७१ची मोहोर उमटली. ऑगस्टात भारत-सोव्हिएत करार झाला आणि डिसेंबरात, खिडक्यांना काळे कागद लावून बसलेल्या मुंबईने अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याचं ऐकलं. २०२२ साली युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा अनेक घरांत नातवंडांना प्रश्न पडला की आपले आजोबा रशियाची बाजू का घेतात. आजोबा २०२२बद्दल बोलतच नव्हते. ते काळ्या कागदामागच्या अंधारातून बोलत होते. मला ते मत पटत नाही. पण ते कुठून येतं हे कळल्यावर वादाचा सूर तरी बदलतो.

चंद्रावरच्या पहिल्या पावलाची आठवण सांगताना पुष्कळ जण म्हणतात की आम्ही ते टीव्हीवर पाहिलं. आपल्याकडे तेव्हा २१ जुलै १९६९, सोमवारची सकाळ होती आणि मुंबईत दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ला. त्यांनी ऐकलं रेडिओवर, पाहिलं वर्तमानपत्रात आणि नंतर थिएटरात. ऑक्टोबरात ते तिघे अंतराळवीर मुंबईत आले होते, त्यामुळे काहींच्या आठवणीत चंद्र आणि मुंबई एकाच दिवसात बसले आहेत. एका बाईंना मात्र त्या आठवड्यातलं वेगळंच आठवतं. त्यांचे वडील बँकेत कारकून होते. चंद्राच्या दोनच दिवस आधी, १९ जुलैला, इंदिरा गांधींनी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं होतं आणि घरात बोलणं चाललं होतं ते तेवढंच.

याच्याही पुढे जाऊन पाहिलं की ‘महाराष्ट्राची आठवण’ अशी एक गोष्ट नाहीच, हे उघड होतं. ३० जानेवारी १९४८ घ्या. गांधीजींच्या खुनाची बातमी सगळीकडे एकच होती. सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या ब्राह्मण घरांतल्या मुलांना मात्र तिच्यापाठोपाठ आलेली जाळपोळ आठवते. पेटलेला वाडा, बैलगाडीतून रात्री निघणं, शेजाऱ्याने परड्यात लपवणं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ त्या आगीतूनच आली. त्याच गावांतल्या इतर मुलांना आठवतं ते सुतक: घरात चूल पेटली नाही, आई जेवली नाही. दोन्ही मुलं एकाच शाळेत एका बाकावर बसत होती. आज दोघेही नव्वदीच्या जवळ आहेत आणि दोघांची मतं दोन टोकांना आहेत. त्यांच्यापैकी कुणालाही खोटं पाडण्याचा अधिकार आम्हाला नाही, म्हणून दोन्ही कथनं एकमेकांसमोर ठेवली आहेत.

मराठवाड्यात १५ ऑगस्ट १९४७ची आठवण विचारली की लोक १७ सप्टेंबर १९४८ची सांगतात. निजामाच्या राज्यातून रझाकारांच्या भीतीने पलीकडे नेलेल्या मुलांचं स्वातंत्र्य वर्षभर उशिरा आलं. आणि पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, ज्याची चौकशी करायला सुंदरलाल समिती आली होती, ते ज्यांनी बालवयात पाहिलं त्यांच्यासाठी तीच तारीख वेगळी आहे. ही माणसं आमच्याशी बोलली, ही मी या पुस्तकाची मोठी कमाई मानतो. १९५६च्या अखेरीला जगाची वर्तमानपत्रं सुएझ आणि हंगेरीने भरलेली होती, पण नागपूरच्या दीक्षेला आईच्या कडेवरून गेलेल्या आणि दोन महिन्यांत बाबासाहेब गेल्याचा ६ डिसेंबरचा आकांत पाहिलेल्या मुलाला सुएझ आठवावं तरी का? त्याच पिढीतल्या तरुणांनी पुढे अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर चळवळीची बातमी वाचली आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी केली. ओकलंडची बातमी मुंबईत येऊन एका चळवळीचं नाव झाली.

कधी जगच गावात येऊन राहिलं. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने घरादारातून उचलून सैबेरियात, मध्य आशियात नेलेली ही माणसं इराणमार्गे कोल्हापूर संस्थानात पोचली होती. ती गेल्यावर त्याच जागेत सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. पंचगंगेकाठची मुलं हिटलर, स्टालिन आणि फाळणी असे तीन धडे पुस्तक न उघडता शिकली. रायगड जिल्ह्यात इस्रायलची स्थापना ही बातमी शेजारच्या शनवार तेल्यांच्या घराला कुलूप लागण्याच्या रूपाने आली. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवलेली, घरात मराठी बोलणारी बेने इस्रायली कुटुंबं एकामागून एक निघून गेली. रेवदंड्याच्या एक आजी पश्चिम आशियातल्या युद्धाची बातमी आली की आजही एवढंच विचारतात, ‘आपली रिबका बरी असेल ना?’ गोव्यात १९ डिसेंबर १९६१नंतर मुलांची शाळेतली भाषा बदलली. त्यांतल्या काहींना सालाझारची राजवट गेल्याचं दुःख झालं नाही, पण पोर्तुगीज शिकवणाऱ्या बाईंची आठवण येते, आणि हे सांगताना ते अजून आवाज खाली आणतात.

जगाचं राजकारण काहींनी चाखलं आहे. अमेरिकेहून आलेला पीएल-४८०चा लाल गहू, शाळेतलं दुधाच्या भुकटीचं दूध, १९७२च्या दुष्काळातली मिलो ज्वारी आणि सुकडी. अमेरिकेविषयी मत विचारलं तर एका शेतमजूर आजींनी तोंड वाकडं करून मिलोच्या भाकरीचा वास सांगितला आणि लगेच म्हणाल्या, पण ती नसती तर पोरं जगली नसती. परराष्ट्र धोरणावरचं इतकं समतोल विधान मी संपादकीयांतही क्वचित वाचलं आहे. गाजरगवत त्याच गव्हातून आलं, असं गावोगाव सांगतात आणि त्याला काँग्रेस गवत म्हणतात. एका तणाच्या नावात एका पिढीचा सगळा राग साठवलेला आहे.

हे आत्ताच का करायचं, याचं पहिलं उत्तर वयाचं आहे. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला आणि जपानी आले म्हणून लोक पळाले, हे कळत्या वयात पाहिलेली माणसं आज ऐंशीच्या बरीच पुढे आहेत. आमच्याशी बोलून गेलेल्यांपैकी काहींनी हे पान पाहिलं नाही. दुसरं उत्तर घराघरांतलं आहे. जेवणाच्या टेबलावर, लग्नकार्यात, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकारणावरून माणसं तुटताना मी पाहतो आहे. ‘आजोबांना काही कळत नाही’ आणि ‘आजच्या पोरांना इतिहास माहीत नाही’ या दोन वाक्यांपलीकडे बोलणं जात नाही. आजोबांचं मत चुकीचं असू शकतं. या पुस्तकातली काही मतं मला घातक वाटतात आणि मी तशी ती वाचली. पण मत खोडून काढायचं तरी ते ज्या ओटीवर, ज्या चेहऱ्यासमोर जन्मलं तिथपर्यंत जाऊन यावं लागतं.

पुस्तकाची रचना घटनांच्या क्रमाने केलेली नाही. बातमी जिथे ऐकली, त्या जागेनुसार ती केली आहे: ओटी, शाळा, रस्ता, गिरणी, स्वयंपाकघर. सांगणारे साधारण १९३० ते १९६० या काळात जन्मलेले आहेत. त्यांची नावं दिलेली नाहीत. बोली शक्य तितकी जशीच्या तशी ठेवली आहे. जिथे तारीख जुळत नाही, तिथे मजकूर तसाच ठेवून खाली खरी तारीख दिली आहे, सांगणाऱ्याच्या संमतीने. एकाही माणसाने नाही म्हटलं नाही. काहींनी मात्र खरी तारीख ऐकून नवंच काही सांगितलं आणि तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

उणिवाही स्पष्ट सांगतो. सुरुवातीला आम्ही घरी गेलो की पुरुष बोलत आणि बायका चहा करत. ‘आम्हाला काय कळतंय राजकारणातलं’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की आम्ही पद्धत बदलली, स्वयंपाकघरात जाऊन बसलो आणि तिथे ‘बातमी’ हा शब्दच वापरला नाही. ‘त्या दिवशी घरात काय शिजलं होतं?’ एवढं विचारलं. पुस्तकाचा शेवटचा भाग त्यातून आला. आदिवासी भागातली कथनं मात्र फार थोडी आहेत. तिथे आम्ही पोचलो ते उशिरा आणि भाषेवाचून. हे काम कुणीतरी लवकर हाती घ्यावं.

माझ्या त्या चुकीचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. २७ मे १९६४ला मी शाळेत नव्हतो, तर होतो कुठे? मावशीला विचारलं. तिला क्षणही लागला नाही. ‘कुठे म्हणजे? आजोळी. फणस फोडायला बसला होतास.’ दर मेमध्ये आम्ही वाईहून महाबळेश्वर, आंबेनळी घाट उतरून पोलादपूरजवळच्या आजोळी जात असू. वाडीत रेडिओ नव्हता. बातमी दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरलेल्या माणसाने सांगितली. माझे आजोबा संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले. मुंबई तोडू पाहणाऱ्या नेहरूंना त्यांनी कधी माफ केलं नव्हतं. ३० नोव्हेंबर १९५७ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा काळा झेंडा घेऊन रस्त्याला उभे राहिलेल्यांत तेही होते. घरात नेहरूंचं नाव घेतलेलं त्यांना चालत नसे.

मावशी म्हणाली, बातमी ऐकून ते काही बोलले नाहीत. खांद्यावरचा पंचा घेऊन विहिरीवर गेले. रहाटाने दोन कळशा पाणी काढलं आणि घरातलं माणूस गेल्यावर करतात तशी डोक्यावरून आंघोळ केली. मग ओल्या अंगाने तसेच उभे राहून त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, ‘तूही ये.’

मला यातलं काही म्हणजे काहीच आठवत नाही.